तुझी वेगळी चटई

आई, मागच्या पावसाळ्यात समता कॉलनीतल्या एका दवाखान्यात माझं ऑपरेशन झालं. लघवी आपोआप निसटायची, त्याचं. खोकताना, जिना चढताना आणि, हे लिहितानाही लाज वाटते, पण नवऱ्याच्या कुशीतसुद्धा. त्या धास्तीनं मी त्याच्या घोरण्याचं निमित्त काढून दुसऱ्या खोलीत झोपू लागले. तिथं पहिल्यांदा आडवी झाले आणि तुझी चटई डोळ्यांपुढे आली.

रेल्वे क्वार्टरमध्ये तू बाबांपासून लांब, दाराशी चटई टाकायचीस. "मी आठ शीलं पाळून राहिली," एवढंच सांगायचीस. आपले बौद्ध लोक ही शीलं आणि त्यातलं ब्रह्मचर्य पौर्णिमा-अष्टमीच्या उपोसथाच्या दिवसापुरतं पाळतात, तू ते बारा महिने धरलंस, म्हणून सगळ्या पाऱ्यात, अख्ख्या मोहल्ल्यात, तुझा केवढा मान. बाबांनीही ते मानलं. शील कोण मोडायला लावणार? मी हसवलं की मात्र गुडघे जुळवून डाफरायचीस, "हसवू नोको मले, पोट्टे." पाळी जाऊन वर्षं लोटली तरी दोरीवर तुझ्या परकराखाली धुतलेल्या कापडाच्या घड्या वाळत असायच्या. त्या कशासाठी, ते मला माझी वेळ आल्यावर कळलं. कोणाला संशय नको म्हणून तू दुपारनंतरचं जेवणही सोडलंस. एक दुखणं झाकायला बाई सात शीलं खरीखुरी पाळते, फक्त खोटं न बोलण्याचं तेवढं सुटतं. मी अजून थक्क होते, आई. एवढं बळ तू कुठून आणलंस, आणि ते कशात गेलं.

मला डॉक्टरीण बाईंनी सरळ विचारलं, "दीदी, पति के साथ सब ठीक है ना?" तुला हे कोणी विचारलंच नाही. आत एक बारीकशी पट्टी बसवली, बस. जखम भरेपर्यंत जवळ यायचं नाही, असं बजावलं होतं. ती मुदत सरली तरी मी भीतच होते. मग एका दुपारी नवरा काहीतरी वेडंवाकडं बोलला, मी पोट धरून हसले, आणि कोरडीच राहिले. त्याच दुपारी आम्ही पुन्हा नवराबायको झालो. मला रडू आलं तसा तो घाबरला. "काहून रडून राहिली? दुखते का?"

दुखत नव्हतं. या वयात, इतक्या वर्षांनी, अंगात एवढं सुख शिल्लक असतं याचंच नवल वाटत होतं.

दुखणं मी डॉक्टरीण बाईंना सांगितलं, मैत्रिणींनाही सांगितलं. सुख कोणालाच सांगता आलं नाही. तू समोर असतीस तर तुलाही सांगितलं नसतं.