बुबुळ घट्ट करण्याचा उपाय

५ जानेवारी
ठरलं. चष्मा बंद! अठरा तारखेला सिद्धेश्वरला संगिताला पाहायला जायचं ते बिनचष्म्यानंच. फोटोत ती कशी बिनचष्म्याची, अन् मी ढापण्या. शोभत न्हाई. उद्याच नांदेडला जाऊन लेझर मारून येतो. वारंगा फाट्यावर माझ्या मोबाईलच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगून टाकलं.

६ जानेवारी
डॉक्टरनं पद्धत सांगितली. बुबुळाचा वरचा पापुद्रा उचलायचा, खाली लेझरनं थोडं तासायचं, पापुद्रा परत बसवायचा. म्हणजे स्क्रीनगार्डच की! रोज बसवतो मी.
मग मशीन लावली अन् म्हणे, तुमचं बुबुळ पातळ आहे. डोळ्याच्या आतला दाब तेच पेलतं. अजून तासलं तर कमजोर होऊन पुढं फुगेल, नजर आणखी बिघडेल. डोळे चोळायची सवय आहे का, असंही विचारलं. कधीच न्हाई, म्हणलं. तेव्हा चोळून राहिलो होतो, पण ते रस्त्यावरच्या धुळीमुळं. ते धरत नसतात.
ऑपरेशन करणार न्हाई म्हणे. भित्रा माणूस.

७ जानेवारी
पातळ आहे ना? मग घट्ट करू. वरण पातळ झालं तर आटवतात, फेकून देत न्हाईत. रोज सकाळी वाटीभर साजूक तूप, वरून खवा. याडी म्हणली, लेकरा, आईचं ऐक, तूप पोटात जाते, डोळ्यात न्हाई. तिला यातलं काय कळते!

११ जानेवारी
पँट बसेना. म्हणजे बुबुळही भरलंच असेल. सवय व्हावी म्हणून दुकानात चष्मा काढून बसलो. एका गिऱ्हाइकाचा स्क्रीनगार्ड मागच्या बाजूला बसला. मोबाईलच दोन्हीकडून सारखा, माझी काय चूक?

१४ जानेवारी
संक्रांत. दिपा म्हणली, दादा, डोळे चोळू नको, लाल झालेत. बहीण असून आरोप करते. मी चोळत न्हाई, खाजवतो.

१८ जानेवारी, संध्याकाळ
बापू अन् दिपासंग जाऊन आलो. चष्मा घरीच. एकदम बराबर जमलं! संगिताचे डोळे काय चमकून राहिले होते! खोलीच्या दुसऱ्या टोकाहून दिसले, म्हणजे तुपाचा गुण आला. आणखी नीट दिसावी म्हणून मी अधूनमधून डोळे साफ करत होतो. ती पण माझ्याकडंच पाहत होती. होकार पक्का.

२० जानेवारी
नकार.
तिचे वडील भावसिंगकाका फोनवर बापूला म्हणले, तुमचं पोरगं बसल्यापासून डोळे पुसून राहिलं होतं. त्याचं मन दुसरीकडं दिसते. रडत्या पोराला जबरदस्ती काहून आणलं? संगिताचाही निरोप आहे, की बिचाऱ्याचं त्याच्या आवडीच्या पोरीशीच लावून द्या.
दुसरी कोण? मला तर एक बी धड दिसली न्हाई! बापू दुपारपासून माझ्याकडं संशयानं पाहून राहिलेत.
दिपा हसून हसून लोळली. मग म्हणली, दादा, ते चमकत होतं ना, ते डोळे नव्हते. चष्मा होता तिचा. फोटोपुरता काढला असल. भिंगं तर तुझ्याहून जाड.
चष्मा लावला. तूप बंद. आता डोळ्यांत खरंच पाणी आलंय, पण चोळत न्हाई.