गच्चीवरची मोरपंखी

रविवार, ९ फेब्रुवारी

चि. सूनबाई,

अनेक आशीर्वाद. तू खुशाल असशील. आम्हीही खुशाल आहोत, असं लिहायचं असतं म्हणून लिहिलं. खरं म्हणजे तुझ्या त्या झाडानं मला जेरीला आणलंय. फोन केला की तू "हो आई, बघते आई" म्हणतेस आणि माझ्या गुडघ्यांची चौकशी सुरू करतेस. म्हणून दवाखान्याच्या पत्त्यावर हे पत्र. दोन पेशंटांच्या मधे तरी वाचशील.

जाताना कुंडी गच्चीवरच ठेवून गेलीस. एका खोलीत कुठे ठेवू, म्हणालीस. हेही बजावलंस की मोरपंखीला उघड्यावरच राहू द्या, घरात आणू नका. पण या हिवाळ्यात असा काही वारा सुटला की मला राहवेना. आणली आत, ठेवली सोफ्याशेजारी. थोड्याच दिवसांत एक बाजू तपकिरी. घाबरून परत वर नेली, तर तिथे तुझे सासरे. मी सकाळी पाणी घालायचे, हे संध्याकाळी गुपचूप घालायचे. दोघांनाही वाटायचं, हिची काळजी आपल्या एकट्यालाच. कुंडीखाली चिखल साचला तेव्हा बिंग फुटलं. वर मलाच विचारतात, तू घालत होतीस तर सांगायचं नाही? या माणसाबरोबर मी जन्म काढला, सूनबाई.

मोबाइलवर शोधलं, तर म्हणे मोरपंखीच्या वाळक्या फांदीला पुन्हा पालवी फुटत नाही. हे तू आधी सांगायला काय झालं होतं?

बरं, पुढचं ऐक. गेल्या रविवारी घरी पाहुणी आली होती, चिरंजीवांच्या ऑफिसातली. चहा घेऊन सगळे गच्चीवर बसलो. मुलगी वाईट नाही. कप आपणहून उचलायला लागली. मधेच तिनं सहज विचारलं, "हे झाड कुणाचं?"

तुझे सासरे पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "आमच्या सुनेचं."

ती बिचारी हातातले कप घेऊन तशीच उभी.

ती गेली आणि चिरंजीव भडकले. बापापुढे तोंड उघडत नाही, मग राग निघाला झाडावर. कचऱ्याच्या गाडीत टाकतो म्हणत कुंडी उचलली आणि बाहेरच्या जिन्यानं निघाला. वळणावर अडकली. धड वर येईना, धड खाली जाईना, आणि हा पठ्ठ्या तिला कवटाळून मधे. मी कठड्याला धरून त्याच्या बाजूनं खाली उतरले आणि पुढच्या पायरीवर बसकण मारली. ऊठ म्हणाला, उठले नाही.

"आई, कोर्टाचे कागद झाले. ती गेली. आता झाड ठेवून काय करायचंय?"

मी म्हटलं, "ती तुला सोडून गेली. मला सोडून गेली का, ते तू ठरवू नकोस."

हात भरून आले तरी तो तसाच उभा राहिला. मग म्हणाला, खालून धर. दोघांनी कशीबशी वर चढवली, पण कुंडीला तडा गेला तो गेलाच. तुझ्या सासऱ्यांनी कपडे भिजवायच्या जुन्या टबाला ड्रिलनं भोकं पाडली. एक फरशीलाही पाडलं, त्याचं खापर ड्रिलवर. मुळं कुंडीच्या आकाराची होऊन गोल गोल गुंडाळून बसली होती. ती सोडवायला तोच बसला. नखांत माती. एकेक मूळ असं हळू मोकळं करत होता की मला बघवेना. हात धुताना म्हणाला, तिला कळवायला हवं, मला जमत नाही.

तर हे ते कळवणं. मार्चमध्ये ती दोघं नोंदणी करून लग्न करताहेत. तुला तिसऱ्याच कुणाकडून कळू नये म्हणून मी लिहितेय. एवढा वेळ झाडाच्या नावानं बोटं मोडत बसले, कारण हे वाक्य लिहायला हात होत नव्हता.

त्या मुलीचा काही दोष नाही. तिच्याशी मी नीटच वागेन. नीट काय, जीवही लावेन, मला दुसरं येत नाही. पण त्यामुळे तुझी जागा झाडून पुसून तिला दिली असं होत नाही. या वयात घर मोठं करता येत नसेल, पण माणूस वाढलं तर वाढलं.

झाड घेऊन जा, असं खडसावायला बसले होते. नेऊ नकोस. फक्त एकदा येऊन पाणी किती घालायचं ते यांच्या देखत सांग, नाहीतर हे ऐकायचे नाहीत. घरातून यायला नको वाटलं तर बाहेरून सरळ वर ये. मी चहा वर आणेन. आणि यायचंच नसेल तर तसं लिही. "बघते आई" लिहू नकोस.

कागदोपत्री तुझी कुणीही नसलेली,
आई