इशूच्या केसांचे अडीच तास

हुपरी,
रविवार, दुपारचे दोन

प्रिय अनुजा,

पत्र बघून घाबरू नकोस, घरात सगळी ठणठणीत आहेत. लग्नाआधी मी तुला एकच पत्र लिहिलं होतं, सात ओळींचं, आणि त्यातल्या चार ओळी पाऊसपाण्याच्या होत्या असं तू अजून पाहुण्यांना सांगतेस. आज मोठं लिहिणार आहे. वेळ भरपूर आहे. इशू समोर दारात पाटावर बसली आहे, केस वाळत घालून. अजून तासभर तरी लागेल. तोवर केसांना हात लावायचा नाही, पंखा लावायचा नाही आणि तिला हसवायचंही नाही, असा तिचाच हुकूम आहे. हे सगळं फोनवर सांगता येण्यासारखं नव्हतं. तुमच्या पोलीस ट्रेनिंगवाल्यांनी दिलेली रविवारची दहा मिनिटं, त्यातली नऊ इशू खाते आणि उरलेल्या एका मिनिटात मी "सगळं झकास चाललंय, आक्का वेणीफणी करते," एवढंच म्हणतो. तर आधी कबुली देतो. आक्का वेणीफणी करत नव्हती. गेले तीन महिने मी तुझ्याशी दर रविवारी खोटं बोललो.

तू संक्रांत करून गेलीस आणि पुढच्याच आठवड्यात आक्का न्हाणीत घसरली. उजवं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. दवाखान्यातून रिक्षात बसतानाच तिनं मला तंबी दिली, "अनूला कळवायचं न्हाय. माझी सून हाय ती, कळलं तर बॅग घिऊन दारात उभी ऱ्हाईल." म्हणून नाही कळवलं. आता हात चांगला आहे, भाकरी थापते, माझ्यावर उगारतेही. पण तेव्हा पंचाईत अशी झाली, की इशूच्या केसांचं काय काय करायचं ते तू आक्काला तासभर बसवून समजावलं होतंस आणि मी शेजारी मॅच बघत होतो. मला त्यातला "ओले असताना" एवढाच शब्द आठवत होता. ओले असताना विंचरायचे की ओले असताना विंचरायचे नाहीत, ते काही आठवेना. आक्काला विचारलं तर तिनंही तुझं सगळं ऐकून घेतलं होतं ते नुसतं मान राखायला. तिचा स्वतःचा बेत वाटीभर तेल, आवळून दोन वेण्या आणि वर रिबिनी, असा साधा होता.

पहिला सोमवार. शाळेची व्हॅन साडेनऊला, मी नऊ दहाला बसलो. मनात गर्व होता, तुला माहीत आहे. पैंजणाच्या कडीला कडी जुळवण्यात माझं निम्मं आयुष्य गेलंय. केसाएवढी बारीक चांदीची तार वळवणारा माणूस मी, आठ वर्षांच्या पोरीच्या डोक्याला काय भितोय? आक्काची फणी घेतली आणि कोरड्या केसांत वरनं खाली ओढली. फणीचे तीन दात मोडले. दोन सापडले. इशूनं जी आरोळी ठोकली, त्या आवाजानं शेजारच्या धोंडुबाई पिठाच्या हातानं धावत आल्या आणि "पोरीला मारतोयस व्हय रं?" म्हणून माझ्यावरच डाफरल्या. बाहेर व्हॅनवाला हॉर्न मारायला लागला. मला असा राग आला, की ह्या माणसाला कळत नाही का केसांना किती वेळ लागतो ते. आणि मग मी फणी खाली ठेवली, कारण आपल्याच दारात मोटारसायकलवर बसून हॉर्न वाजवणारा दुसरा एक माणूस मला आठवला. इशू त्या दिवशी एक वेणी घालून गेली. दुसरी बाजू देवानं दिली तशीच. संध्याकाळी डायरीत बाईंची लाल शाई होती, "पालकांनी पाल्याच्या केसांकडे लक्ष द्यावे." मी खाली सही करून लिहिलं, "दिले आहे. उपयोग झाला नाही."

पुढचे दोन महिने असेच गेले. मी पन्नास मिनिटांवर आलो, पण इशूचं रडणं कमी झालं नाही. त्यात मार्चमध्ये मावसभावाचं, राजवीरचं लग्न निघालं. कोल्हापूरचं मोठं कार्यालय, सगळा गोतावळा येणार. मी इशूला पलीकडच्या गल्लीतल्या त्रिशला वहिनींच्या पार्लरमध्ये नेलं आणि म्हटलं, कायमचे सरळ करून टाका, माझी सुटका करा. वहिनींनी मला चांगलंच झाडलं. एवढ्या लहान पोरीच्या डोक्यावर औषध घालणार नाही म्हणाल्या, हवं तर एक दिवसापुरते प्रेस करून देते, पाणी लागलं की परत होते तसे. ठीक आहे म्हटलं. अडीच तास लागले, अनुजा. खुर्चीवर पाट, पाटावर इशू. बोटभर बटा घ्यायच्या, इस्त्रीच्या चिमट्यात धरायच्या, वाफ निघाली की इशूनं डोळे मिटायचे. मी चार कप चहा प्यालो. शेवटी तिनं आरशात बघितलं, मान इकडून तिकडे हलवली आणि म्हणाली, "आता मी मम्मीगत दिसतो की."

मला तेव्हा फार बरं वाटलं होतं, हे खरं सांगतो. कार्यालयात गेल्यावर सगळ्यांनी गालाला हात लावून कौतुक केलं. पण उन्हाळा म्हणून त्यांनी मांडवात ते पाण्याचे तुषार उडवणारे मोठे पंखे लावले होते. अक्षता पडेपर्यंत इशू माझ्या मांडीवर होती. वाजंत्री सुरू झाली आणि ती पोरांबरोबर त्या पंख्यासमोर जाऊन उभी राहिली, हात पसरून. जेवायला बसलो तेव्हा माझ्या शेजारी परत आपली जुनी इशू बसली होती. अडीच तासांचं काम पाच मिनिटांत फिसकटलं. आधी मला हसू आलं. पण तिनं पुढ्यातल्या जिलेबीला हातही लावला नाही. डोक्याला हात लावून बघितला आणि हळूच मला विचारलं, "पप्पा, मम्मीचे केस सरळ, तुमचे सरळ, आक्काचे सरळ. मग मी कुणागत हाय?"

तिला कुठून माहीत असणार? ती दोन वर्षांची असल्यापासून तिनं तुझे केस सरळच बघितले आहेत. ते तसे का झाले, हे मला माहीत होतं आणि मी तिला नुसतं "जिलेबी खा" म्हणालो. माझ्याच भावाच्या साखरपुड्याचे फोटो बघताना मी सगळ्यांदेखत म्हणालो होतो, ह्यात हिचं तोंड कुठाय, नुसतं झुडूप दिसतंय. सगळे हसले, तूही हसलीस. आणि पुढच्या आठवड्यात कोल्हापुरात जाऊन केस सरळ करायला पार्लरच्या खुर्चीत बसलीस. सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच. बाहेर मी दोनदा मिसळ खाऊन आलो आणि तरी "अजून किती वेळ" म्हणून आत डोकावत राहिलो. मग तीन दिवस पाणी लावायचं नाही, बांधायचे नाहीत, कानामागंसुद्धा सारायचे नाहीत. तू तीन रात्री उताणी झोपलीस, छातीवर हात ठेवून. आक्का दर तासाला येऊन श्वास बघून जायची. सहा महिन्यांनी मुळाशी पुन्हा कुरळे उगवले की पुन्हा तोच दिवस, तीच खुर्ची. सहा वर्षं तू हे केलंस आणि रोज सकाळी वीस मिनिटं त्या चिमट्याशी झगडलीस, दारात मी मोटारसायकलचा हॉर्न वाजवत असताना. एका वाक्याची ही शिक्षा. मी ते वाक्य कधीच परत घेतलं नाही.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी इशूला घेऊन गडमुडशिंगीला तुझ्या आईंकडे गेलो. म्हटलं, अनूचे केस तुम्ही कसे करायचा, ते मला शिकवा. त्यांनी आधी माझ्याकडं बघून घेतलं, जावई चेष्टा करत नाहीत ना म्हणून. मग म्हणाल्या, "जावईबापू, घाई असंल तर फणीला हात लावू नका." आणि मला तीन तास बसवून घेतलं. परसातल्या जास्वंदीची पानं पाण्यात कुस्करून त्याचा बुळबुळीत रस काढला. केस ओले करायचे, चार भाग करायचे, रस चोपडायचा आणि बोटांनी टोकाकडून सुरू करून वर वर यायचं. वरनं ओढलं तर गाठ घट्ट बसते. मी म्हटलं, अहो, चांदीच्या साखळीचा गुंता आम्ही असाच सोडवतो. त्या म्हणाल्या, मग इतके दिवस काय करत होता? मी बोटं रसात बुडवली. टॉवेलनं खसखसा पुसायचं नाही, जुन्या सुती पातळात केस गोळा करून नुसते दाबायचे. ते सगळं करताना त्या बोलत होत्या. तू तीसपर्यंतचे पाढे त्याच पाटावर बसून पाठ केलेस म्हणे, कारण केस होईपर्यंत पळून जायची सोय नव्हती. मग आत गेल्या आणि तुझा फोटो घेऊन आल्या. चौथीतला. वक्तृत्वाचा कप हातात आणि डोक्याभोवती हा एवढा ढग. इशूनं तो फोटो दोन्ही हातांत धरला. फोटोतल्या केसांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, "ही तर मीच हाय." येताना एसटीत तिनं तो फोटो चार अनोळखी बायकांना दाखवला.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं समजू नकोस. आपल्याकडं जास्वंद नाही म्हणून त्रिशला वहिनींच्या सांगण्यावरून मी जवस उकळून चीक काढला. जरा जास्तच उकळला. केस वाळल्यावर पापडासारखे कडक झाले, डोक्यावर टिचकी मारली की टक्‌ वाजायचं. वर्गातल्या पोरांनी दिवसभर वाजवून घेतलं, इशूनं पाळीनं वाजवू दिलं. पण आता हात बसलाय. रविवारी अडीच तास लागतात, रोज सकाळी पंचवीस मिनिटं. ती आधी पाढे म्हणते, मग मला शाळेतल्या भानगडी सांगते. कोण कुणाशी बोलत नाही, बाईंची साडी कुणी निवडली, सगळं. ती व्हॅनमध्ये खिडकीजवळ बसत नाही, का, तर तिथं एकदा तिला तुझी आठवण आली होती. हे मला तीन महिने एका घरात राहून कळलं नव्हतं. मागच्या रविवारी कोल्हापूरचे व्यापारी विजयसिंह पैंजणाचा माल बघायला आले. मी म्हटलं बसा, हात रिकामे नाहीत. ते आधी अवघडले, मग खुर्ची ओढून जवळ आले, मग चिकाची वाटी धरून बसले, आणि जाताना विचारून गेले, की त्यांच्या नातीचेही असेच आहेत, आणू का. गल्लीत मला पार्लरवाला म्हणतात. म्हणू देत.

आता हे सगळं आजच का लिहिलं ते सांगतो. आज सकाळी दहाव्या मिनिटाला तू म्हणालीस, की कुणीतरी तुला टपालानं इशूचा गॅदरिंगचा फोटो पाठवलाय, पोरीच्या डोक्याची पार दशा झालीय, तुला ते बघवत नाही, शुक्रवारी ट्रेनिंग सोडायचा अर्ज देऊन तू घरी येतेस. आणि फोन बंद झाला. मला एक शब्द बोलता आला नाही. अनुजा, तो फोटो जानेवारीचा आहे. त्यात दिसतं ते माझं पाप आहे, तुझं नाही. केस वाळले की आजचा फोटो काढून सोबत जोडतो, तो बघ आणि मग ठरव. उद्या सकाळी हे स्पीड पोस्टनं टाकतो, शुक्रवारच्या आत तुला मिळेल. येऊ नकोस. फौजदाराची परीक्षा चार वेळा दिलीस, चौथ्यांदा निकाल लागला तेव्हा तू पोरीला उचलून गल्लीभर पळाली होतीस, ते मी विसरलेलो नाही. तिथं पहाटे परेडला पळताना केस सरळ करायला कुणाला वेळ मिळतोय, टोपीखाली तुझे मुळातले केस उगवायला लागले असतील. उगवू देत. तुझा तो केसांचा चिमटा मी त्रिशला वहिनींना देऊन टाकलाय. फोन स्पीकरवर होता, इशूनं सगळं ऐकलं. मघाशी मी शेवटची बट सोडवत होतो तेव्हा मागं न वळता तिनं मला एकच विचारलं, "मम्मी परत आली तर फौजदार कोण हुणार?" मी अजून उत्तर दिलेलं नाही. ते तू द्यायचंस.

तुझाच,
कृष्णात