टाळ्यांची आगाऊ बातमी

थामोरा, १० जून १९२४

चि. एव्हारिस्तोस ओब्दुलियाताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

माद्रिदच्या दैनिकात रोज येणारी तुझी कादंबरी इथे पोचते. तुझी नायिका तीन आठवडे क्षयाने मरते आहे. आमची स्वयंपाकीण रोज विचारते, आज तरी सुटली का बिचारी.

ते चालू दे. पण सान पेद्रोच्या जत्रेत तुझं नवं नाटक इथे लागणार म्हणे. क्युबाला गेलेल्या वाग्दत्त वराची वाट बघत खिडकीत म्हातारी होणारी बाई! मेल्या, ती मीच, हे जाहिरात वाचूनच गावाला कळलं. अरे, क्युबाला गेलेल्या माझ्या त्या आन्सेल्मोला मी स्वतः हाकललं होतं. गेला तेव्हा मी पोटभर जेवले.

आता गुरांचे डॉक्टर केसादा यांनी मला मागणी घातली आहे. माणूस सोन्यासारखा, पण लोकांना फार भितो. माझं हसं झालं तर पाऊल मागे घेईल. मला हे लग्न हवं आहे. नाटक थांबव.

तुझी ताई

माद्रिद, १६ जून

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

नाटक थांबवणं अशक्य. इथल्या नाटक कंपन्यांना त्यातली खोली झेपली नाही, म्हणून तर पहिला प्रयोग आपल्या गावाला दिला. माझ्या लेखणीने तू अमर होणार, आणि तुला काळजी गुरांच्या डॉक्टरांची!

तुम्हां दोघांसाठी पुढचा सज्जा राखून ठेवला आहे. शेवटी लोक मला रंगमंचावर बोलावतील, तेव्हा तू दिसायला हवीस. रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.

तुझा एव्हारिस्तो

थामोरा, २ जुलै

चि. एव्हारिस्तोस अ. आ.

न भेटता पहाटेच्या गाडीने पळालास, म्हणून लिहावं लागतंय.

तुझी नायिका क्युबाच्या दिशेने हुंदके देऊ लागली आणि अख्खं नाट्यगृह माना वळवून माझ्याकडे बघायला लागलं. केसादांचे कान लाल झाले. आता हे उठून जाणार, या भीतीने माझा जीव अर्धा झाला. मग संतापच आला. नाटक पाडायला आपटतात तसा मी पाय आपटला. पुन्हा आपटला. वरच्या माडीवर जत्रेतले लसूणवाले होते, त्यांना एवढंच हवं होतं. फळ्या दणाणल्या, पडदा पाडावा लागला. आणि केसादा? शिंकायचीसुद्धा परवानगी मागणारा माणूस, नव्या बुटाची टाच निखळेपर्यंत आपटत होता. तू म्हणे केसांना तेल चोपडून विंगेत उभा होतास.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावच्या पेपरात बघते तर टाळ्यांचा कडकडाट, लेखकाला पुन्हा पुन्हा बोलावणं, आणि सज्ज्यात लेखकाची भगिनी ओक्साबोक्शी रडतेय! टोपणनाव घेतलंस म्हणून काय ओळखणार नाही होय रे? नाटक तुझं आणि प्रयोगाआधीच धाडलेलं परीक्षणही तुझंच. संपादक जत्रेत हिंडत होते. आलेला मजकूर छापखान्याने दुपारीच खिळे जुळवून ठेवला होता, तसाच छापला गेला. बाजारात तो अंक वाचून लोक पोट धरून हसतात. मला बघून मात्र टोप्या काढतात.

ऑक्टोबरात आमचं लग्न आहे. मूर्ख असलास तरी पाठचा भाऊ आहेस, तू नसलास तर मला चैन पडणार नाही. जरूर ये.

बातमी मात्र या वेळी लग्न लागल्यावर लिही.

तुझी ताई