अनुमोदक कोण?

गुरुजी, नव्या पाण्याच्या टाकीला तुमचं नाव द्यायचा ठराव परवा नगरपालिकेच्या सभेत पडला. मी पाडला. तुम्ही जाऊन वीस वर्षं झाली, तेव्हा ही बातमी तुम्हाला दुसरं कोणी देणार नाही. म्हणून मीच देते आहे, आणि खरं सांगायचं तर ती देताना मला बरं वाटतं आहे.

सातवीत तुम्ही आम्हाला नागरिकशास्त्र शिकवायचात आणि आमच्याच वॉर्डाचे नगरसेवकही होतात. 'नगरसेवकाची कर्तव्ये' हा धडा तुम्ही पुस्तक मिटून शिकवलात. वॉर्डाचं गाऱ्हाणं सभेत मांडणं हे पहिलं कर्तव्य, असं फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंत आणि वर्गातच सभा भरवलीत. एकानं ठराव मांडायचा, तो सूचक. दुसऱ्यानं उठून पाठिंबा द्यायचा, तो अनुमोदक. मी हात वर करून विचारलं, "गुरुजी, अनुमोदक कुणीच उठला न्हाई तर?" तुम्ही खूश झालात. "तर ठराव पडला, बाई. मतं बी घ्यायची न्हाईत. सूचकानं गप खाली बसायचं." त्या दिवशी घरी जाऊन आईला मी ते दोन शब्द इतक्यांदा ऐकवले की ती वैतागली.

त्याच साली लातूर जिल्हा वेगळा झाला. आपल्या गावाला प्रांत कचेरी आली, उदगीर रस्त्याला साहेब लोकांची घरं उभी राहिली, आणि पावसानं पाठ फिरवली. आमच्या बौद्ध वस्तीत विहाराजवळ एकच सार्वजनिक नळ होता. एका सकाळी पालिकेची माणसं आली, नळ काढून नेला आणि ती जोडणी साहेबांच्या घरांकडे वळवली. संध्याकाळी तुम्ही आमच्या घरी आलात. तुमच्या आळीतून येऊन आमच्याकडे पाणी पिणारे तुम्ही पहिले, त्याचं वस्तीला केवढं अप्रूप होतं. तुम्ही बाजेवर बसलात, तांब्या रिकामा केलात आणि म्हणालात, "मी लई भांडलो सभेत. पर एकट्याचं कोण ऐकतंय?" वस्तीला ते पटलं. पुढच्या निवडणुकीत आमची सगळी मतं तुम्हालाच पडली.

आई मग रुळापलीकडच्या बारवेवरून पाणी आणू लागली. दुसऱ्या उन्हाळ्यात भरल्या घागरीसकट ती पायऱ्यांवरून घसरली. डावा पाय मोडला आणि वाकडाच सांधला. आजही ती घरात भिंतीला धरून चालते. तेव्हाही तुम्ही आला होतात, मोसंब्या घेऊन. मोसंब्या सोलून झाल्यावर हात धुवायला पाणी मागितलंत, तेही मला आठवतं.

आता त्या वॉर्डाची नगरसेविका मी आहे. टाकीच्या नावाचा विषय अजेंड्यावर आला तेव्हा आधीच ठरलं, उपाध्यक्षांनी सूचक व्हायचं आणि तुमची विद्यार्थिनी म्हणून अनुमोदन मी द्यायचं. सभेच्या आठ दिवस आधी मी नळ गेला त्या सालच्या इतिवृत्ताचं बाड कचेरीतून मागवून घेतलं. कडा वाळवीनं खाल्ल्या होत्या, मजकूर शाबूत होता. 'बौद्ध वस्तीतील सार्वजनिक नळ बंद करून सदर जोडणी अधिकारी निवासस्थानांस देणे.' सूचक म्हणून तुमचं नाव. अनुमोदक शेजारच्या वॉर्डाचा. सर्वानुमते मंजूर. विरोधात एक ओळ नाही. हजेरीत तुमची सही होती, तीच लांब वेलांटीची, जी माझ्या प्रगतिपुस्तकावर आहे. ते पान मी तीनदा वाचलं. लई भांडलात म्हणे. कोणाशी भांडलात, गुरुजी? ठराव तर तुम्हीच मांडला होता.

परवा सभेत विषय पुकारला. उपाध्यक्षांनी ठराव वाचला. अध्यक्षबाईंनी विचारलं, "अनुमोदक कोण?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उठले आणि तो जुना ठराव वाचला, अगदी तारखेसकट. सूचकाचं नाव दोनदा वाचलं. मग खाली बसले. अध्यक्षबाईंनी पुन्हा विचारलं. कोणाची खुर्ची हलली नाही. उपाध्यक्ष गप खाली बसले, मतं घ्यायची वेळच आली नाही. सगळं अगदी तुम्ही शिकवलं होतं तसं झालं. मागच्या बाकावर तुमचा मुलगा नवा सदरा घालून आला होता, तो मान खाली घालून निघून गेला. त्याची मला दया यायला हवी होती. नाही आली.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती शेंगा फोडत बसली होती. हात न थांबवता म्हणाली, "मला तवाच ठाव होतं. पालिकेतल्या शिपायानं सांगितलं होतं." मी विचारलं, "मग त्यांना घरात घेऊन पाणी कशाला पाजत होतीस?" ती म्हणाली, "तू त्यांच्या वर्गात होतीस न्हवं. तुझी शाळा व्हायची होती." एवढं बोलून तिनं शेंगांचं सूप माझ्याकडे सरकवलं. तुम्ही आमच्या घरचं पाणी पिता म्हणून गावात तुमचा मोठेपणा झाला, आणि माझी आई सगळं माहीत असून तो तांब्या भरत राहिली, मोडक्या पायानंसुद्धा. टाकी राहू द्या, त्या तांब्याची मी तुम्हाला कधीच माफी देणार नाही.

हे पत्र माझ्या कपाटातच राहील. बाड मात्र उद्या परत द्यायचं आहे. कचेरीत सगळ्यांना वाटतं, मी तुमच्यावर जुना राग धरून ते मागवलं. तसं वाटू दे, मी कोणाला सांगणार नाही. तुम्हाला सांगते. अनुमोदनाचं भाषण मी लिहायला घेतलं होतं, पहिलं पान भरलंही होतं. आमच्या नळासाठी तुम्ही सभेत काय काय भांडलात, ते तुमच्याच शब्दांत वाचून दाखवायचं होतं मला. ते मी त्या बाडात शोधत होते.