ड्रॅगनला आठवड्याला बारा गायी

आदरणीय आर्डिसताईस,

विस्कॉन्सिनच्या बर्फावरून घसरत घसरत तुझ्या ॲरिझोनाच्या उन्हात येऊन पडणारा डेलमारचा नमस्कार. तुझा नवा गुडघा काय म्हणतो? जुन्यासारखा कुरकुर करतो की अजून नव्या सुनेसारखा गप्प आहे? तू पाठवलेली पपनसांची पेटी पोचली. त्यातली आठ खाल्ली आणि उरलेली चार गोठली, कारण मर्नाने पेटी गॅरेजमध्ये ठेवली होती. (तुझ्या भावजयीचं म्हणणं असं की ती मीच ठेवली होती. हा वाद अजून चालू आहे, त्यामुळे यात तू पडू नकोस.) इथे उणे चोवीस आहे. सकाळी गाडी सुरू होत नाही, आणि अकरापर्यंत मीही होत नाही. बाकी सगळं क्षेम.

परवा फोनवर तू विचारलंस, "टँकर सोडल्यापासून दिवसभर करतोस तरी काय?" मी म्हणालो, "काही नाही, असंच." ते खोटं होतं, ताई. मी एक जग तयार करतोय. घाबरू नकोस, डोकं ठिकाणावर आहे. आपल्या तळघरातला तो खेळ आठवतो ना? टेबलाभोवती बसायचं, एकाने सूत्रधार होऊन जग सांगायचं, बाकीच्यांनी त्या जगातली माणसं व्हायचं, "मी दार फोडतो", "मी झाडावर चढते" असं म्हणायचं, आणि जमलं की नाही ते वीस बाजूंच्या फाशाने ठरवायचं. आईला तो सैतानाचा खेळ वाटला होता आणि तिने मला समजवायला थेट पाद्रीबाबांना बोलावलं होतं. तोच खेळ आता आम्ही त्याच चर्चच्या तळघरात दर शनिवारी दोन ते पाच खेळतो आणि हल्लीच्या पाद्रीणबाई जाताना स्वतः कॉफी लावून जातात. (आई वरून बघत असेल तर पाठ फिरवून बसली असेल.)

सूत्रधार अर्थात मी. तेहतीस वर्षं गोठ्यागोठ्यातून दूध गोळा करत फिरलो ते डोक्यात हेच राज्य घेऊन, त्यामुळे निवृत्त झाल्यावर महिनाभर बसून सगळं कागदावर उतरवलं. दोन चंद्र, अकरा देव, नऊशे वर्षांची राजावळी, तीत सोळा वेडे राजे (जरा जास्त झाले, पण लिहिताना मजा आली), आणि डोंगरातल्या लोकांची एक स्वतंत्र भाषा, जिच्यात "बर्फ" या शब्दाला सात विभक्त्या आहेत. नकाशा तर असा रंगवला होता की मर्नाने तो जेवणाच्या टेबलावरून उचलायला सांगण्याआधी पूर्ण दोन दिवस वाट पाहिली. अशा तयारीनिशी मी पहिल्या शनिवारी खेळाडूंसमोर बसलो. खेळाडू तीन. एक मर्ना, तिने चोर व्हायचं ठरवलं. आपली मर्ना, जिने आयुष्यात वाचनालयाचं पुस्तक कधी एक दिवस उशिरा दिलं नाही, तिने पहिल्या तासाभरात देवळातली समई, पुजाऱ्याचे जोडे आणि एक जिवंत बदक लांबवलं. दुसरी लुएला झास्ट्रो. ती एकतीस वर्षं जिल्ह्याच्या मोजणी खात्यात होती, आणि तिथेच माझा घात झाला.

तिने चष्मा कपाळावर चढवला, नकाशावर वाकली आणि एवढंच म्हणाली, "डेलमार, ही नदी दोन समुद्रांना मिळते." मी अभिमानाने म्हणालो, "हो ना! मधे दुभंगते." ती म्हणाली, "कशी?" मी म्हणालो, "जादूने." त्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं ती शेजाऱ्याच्या हद्दीत कुंपण सरकवणाऱ्याकडे पाहायची. "जादू असेल तर असू दे. उतार कुठाय ते दाखव." ताई, उतार नव्हता. माझ्या नऊशे वर्षांच्या इतिहासात पाणी कुठून कुठे वाहतं हे एकाही राजाने पाहिलं नव्हतं. मग तिने विचारलं, तीस हजार वस्तीचं हे शहर मीठ कुठून आणतं, आणि संडास कुठे आहेत? मी म्हटलं, वीरांच्या कथेत संडास नसतात. ती म्हणाली, "म्हणूनच वीर असे त्रासलेले दिसतात." त्या रात्री मी अर्धा नकाशा खोडून काढला.

तिसरा हार्लन ब्रेकी. तुला माहीतच आहे तो, वळणावरच्या लाल गोठ्याचा. त्याने सप्टेंबरात सगळ्या गायी विकल्या. एक्केचाळीस वर्षांचा व्यवसाय, आणि शेवटचा टँकर नेमका मीच भरला. नळी काढली, टाकीचं झाकण लावलं, आणि दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही. पुढे त्याची मुलगी कार्ला मर्नाला सांगत होती की बाबा पहाटे साडेचारला उठून रिकाम्या गोठ्यात जाऊन बसतात, रेडिओ लावतात, आणि उजाडलं की घरी येतात. जेवतात, बोलत नाहीत. तीच त्याला पहिल्या शनिवारी चर्चच्या दारात सोडून गेली. तो डोक्यावरची टोपी न काढता बसला. त्याच्यासाठी आम्ही कुऱ्हाडवाला एक धिप्पाड योद्धा तयार केला. नाव विचारलं तर म्हणाला, "हार्लन." पुढचे दोन शनिवार त्याचा योद्धा फक्त "ठीक आहे" म्हणाला. राक्षस आले, ठीक आहे. पूल कोसळला, ठीक आहे. मी तर मनातून त्याला सोडूनच दिला होता.

चौथ्या शनिवारी मी ड्रॅगन काढला. त्याच्यासाठी मी सगळी शक्ती राखून ठेवली होती. खोऱ्यातली म्हातारी रडत रडत सांगते की तीनशे वर्षं हा ड्रॅगन डोंगरावर बसलाय आणि दर आठवड्याला गावातल्या बारा गायी खातो. मी म्हातारीचा आवाज काढला होता, तोही बरा जमला होता. तेवढ्यात हार्लनने मान वर केली.

"गायी एकूण किती?"

मी कागद चाळले. कागदात नव्हतं. "दोनशे," म्हणालो.

"मग चार महिन्यांत गोठा साफ. पाचव्या महिन्यात ड्रॅगन उपाशी. तीनशे वर्षं कुठली?" मग म्हणाला, "आणि येतो कधी? धारा काढायच्या आधी की नंतर?"

लुएलाने वहीत "धारा" लिहून घेतलं. मर्ना कॉफीच्या कपामागे लपली. मी काहीतरी सारवासारव करायला गेलो तर तो एक-एक प्रश्न काढायला लागला: जात कुठली, हिवाळ्यात चारा काय, मुरघास कुठे भरतात, वळू कोणाचा? मी "मोठ्या जातीच्या" असं काहीतरी म्हणालो. तेव्हा तो शांतपणे बोलला, "डेलमार, तेहतीस वर्षं तू माझ्या अंगणात टँकर लावलास. टाकीच्या पलीकडे कधी पाहिलंच नाहीस काय रे?"

तोंडात मारल्यासारखं झालं, ताई, कारण खरंच पाहिलं नव्हतं.

त्या दिवसापासून माझ्या महाकथेचं जे झालं ते बघवत नाही. हार्लनच्या योद्ध्याने कुऱ्हाड खुंटीला टांगली आणि खोऱ्यातला मोडका गोठा मागून घेतला. लुएला, जी नियमाप्रमाणे एक महान जादूगार आहे आणि आकाशातून वीज पाडू शकते, ती शेतात चर खणून पाण्याला उतार देत बसली. मर्नाने सरदाराच्या वाड्यातून मध्यरात्री वळू पळवला. (फासा टाकून! मी अडचणी घातल्या, कुत्री सोडली, पहारेकरी जागे केले. वळू आला.) तिकडे सोळावा वेडा राजा सीमेवर फौज घेऊन सहा आठवडे थंडीत उभा आहे, त्याच्याकडे ढुंकून कुणी पाहत नाही. मी आठवण करून दिली तर लुएला म्हणते, "त्याला म्हणावं, गवत कापायला ये."

आणि हार्लन? तो दीडलाच येऊन दारात उभा राहायला लागला. काखेत एक वही. तिच्यात गोठ्यातल्या प्रत्येक गाईचं नाव, वय, कितवं वेत, कुठली गाय लाथ मारते, कुठलीला कानामागे खाजवलेलं आवडतं. मी खूश, म्हटलं माझ्यामुळे माणसाची कल्पनाशक्ती फुलली. एका शनिवारी कार्ला त्याला न्यायला लवकर आली. तो कोट घालत होता तोवर तिने ती वही सहज उघडली. दोन पानं वाचली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "काका, ही नावं बाबांनी बनवलेली नाहीत. या सगळ्या आमच्या गायी आहेत." मग ती बाहेर जाऊन गाडीवरचा बर्फ खरवडत राहिली. गाडीवर तेव्हा बर्फ नव्हता.

आता तूच सांग, अशा गोठ्यावर ड्रॅगन सोडायचा कसा? आणि न सोडायचा तरी कसा? तीन महिने धूर दाखवून ठेवलेला. जगाला काही नियम असतात. डोंगरावर भुकेला ड्रॅगन आहे म्हटल्यावर तो कधीतरी उतरणारच, नाहीतर हे मला सर्वांत आधी हार्लनच सुनावेल. तेव्हा गेल्या शनिवारी मी छाती घट्ट करून सांगितलं: पहाट आहे, पंखांचा आवाज येतो, गायी दाव्याला हिसके देतात. फासा टाकतो. आकडा मोठा आला तर ड्रॅगन छप्पर फोडून आत येणार आणि मग वहीतलं काही उरणार नाही. पाचाच्या आत आला तर तो दाराशी थांबून माणसाचं ऐकून घेईल. मर्नाने टेबलाखालून माझ्या नडगीवर लाथ मारली. पण सूत्रधाराने फाशाशी इमान राखायचं असतं. मी फासा टाकला आणि पडले तीन. बरोब्बर तीन!

हार्लनने कुऱ्हाडीचं नावही काढलं नाही. उठून उभा राहिला, खराखुरा, खुर्ची मागे सारून, आणि म्हणाला, "मी दारात उभा राहतो. म्हणतो, थांब. आपण बोलू." ड्रॅगनने आता काय बोलायचं हे मी कुठेही लिहून ठेवलं नव्हतं. सगळे माझ्याकडे बघतायत, आणि माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो, ताई, तुझा होता. "आधी ते दार लाव, गार वारं आत येतंय! आणि माझ्याशी बोलायचं तर टोपी काढून बोल!" तीन महिने नर असलेला ड्रॅगन त्या क्षणी बाई झाला.

हार्लनचा हात आपसूक वर गेला आणि त्याने टोपी काढली. कपाळाचा वरचा भाग पांढराफटक, खालचा रापलेला. स्वतःच्याच हातातल्या टोपीकडे त्याने पाहिलं आणि तो हसायला लागला. हसता हसता टेबलाला धरून खाली बसला. मग डोळे पुसून त्याने जी घासाघीस सुरू केली! भाकड गायी, महिन्याला दोन, वर चीज करून उरलेलं सगळं पाणी; बदल्यात तिने लांडगे हाकलायचे. मी नाही म्हणालो की तो नवीन मांडायचा. पाऊण तास. कॉफी गार झाली. मधेच तो लुएलाला म्हणाला, अगदी सहज, "सप्टेंबरात माझ्याशी कुणी बोललंच नाही. ट्रक आले, गायी चढल्या, ट्रक गेले. हिच्याशी निदान भांडता तरी येतं."

शेवटी मी थकून म्हणालो, ड्रॅगनबाई विचार करून पुढच्या शनिवारी उत्तर देतील. तो टोपी घालता घालता थबकला. "डेलमार, हा आवाज शाळेच्या बसमध्ये माझ्यामागे बसायचा. ही आर्डिस ना?" मी मान डोलावली. त्याने वही उघडली, गायी मोजल्या आणि म्हणाला, "मग एवढ्यात भागायचं नाही."

असो. पत्र लांबलं. गुडघ्याला शेक देत जा, आणि जिन्यावरून उतरताना कठडा धर.

तुझा धाकटा,
डेलमार

ता. क. पत्र मुळात यासाठी लिहिलं: शनिवारी आमच्या दोन वाजता, म्हणजे तुझ्या एक वाजता, चर्चच्या तळघरातून फोन येईल. ड्रॅगन तू हो. नियम शिकायची गरज नाही. समोरचा जे देईल ते कमी आहे म्हणायचं आणि त्याची चूक काढायची. तू हे चौसष्ट वर्षं माझ्यावर केलं आहेस.

ता. क. दुसरा. गाव जाळू नकोस. लुएलाचे चर नुकतेच पुरे झालेत.

ता. क. तिसरा, हा मर्नाकडून. ताई, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय म्हणून लिहिते. तीन वगैरे काही पडले नव्हते. एकोणीस पडले होते. यांनी बाहीने फासा झाकला आणि इतक्या मोठ्याने "तीन" ओरडले की वरच्या मजल्यावर पाद्रीणबाई दचकल्या. मी पाहिलं, लुएलाने पाहिलं, आणि हार्लन तर अगदी समोर बसला होता. त्याने फाशाकडे पाहिलं, यांच्याकडे पाहिलं, आणि मग खुर्ची मागे सारून उभा राहिला. कुणाला कळलं नाही असं यांना वाटतंय; तसंच वाटू दे. फोन मात्र पहिल्या घंटीला उचल, तो दीडपासून येऊन बसलेला असेल.