लोभ किती असावा?

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी गुडघ्यांनी संप पुकारला आहे, तेव्हा जेवढी अंगं हजर आहेत तेवढ्यांचा गोड मानून घे.) तुझी पाठ कशी आहे? भाचेसुनेने करून आणलेला चष्मा डोळ्यांना बसला का? मी मजेत आहे. हे वाक्य एका जनसंपर्क अधिकाऱ्याने लिहिलेलं आहे हे ध्यानात ठेवून वाच. मागच्या तीन पत्रांना तुझ्याकडून फोनवर एकेक अंगठा आला. पत्र पाच पानांचं आणि उत्तराला अंगठा. जन्मभर पोरांना निबंध लिहायला लावणारी बाई म्हातारपणी अंगठेबहाद्दर झाली, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पत्राला कारण तसं काही नाही, पण ऑफिसात जे घडलं ते कुणाला तरी सांगायला हवं, आणि घरात भिंती सोडून कुणी नाही. आमची कंपनी मिक्सर करते आणि मी त्या मिक्सरचं नाव राखतो, एवढं तुला ठाऊक आहे. पूर्वी ते सोपं होतं. प्रसिद्धिपत्रक खिशात घालून वर्तमानपत्राच्या कचेरीत जायचं, उपसंपादकाच्या टेबलाशी बसायचं, त्याच्या मुलीची परीक्षा, त्याचा दमा, सगळं विचारून व्हायचं आणि उठता उठता म्हणायचं, 'बरं, हे एक छोटंसं होतं.' आता तो उपसंपादक नाही, टेबलही नाही. ज्याचा मिक्सर बिघडतो तो थेट कंपनीच्या पानावर चारचौघांत ओरडतो, आणि अर्ध्या तासात त्याला चारचौघांतच उत्तर द्यावं लागतं. आमच्या विभागाच्या नव्या प्रमुख मॅडमनी (माझी खुर्ची त्यांच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी आहे) ते काम मला दिलं, कारण काय, तर मी छान लिहितो.

एका बाईंच्या मिक्सरचं झाकण उडालं आणि टोमॅटो छताला लागले. मी रीतसर लिहिलं. कुणाला भाजलं तर नाही ना असं विचारलं, दिलगिरी कळवली, माणूस गुरुवारी येईल असं सांगितलं आणि शेवटी हात जे लिहितो ते लिहिलं, 'कळावे, लोभ असावा.' तासाभरात कुणीतरी त्याचा स्क्रीनशॉट फिरवला. खाली लिहिलं होतं, 'झाकण उडालं, आणि कंपनी म्हणते लोभ असावा. किती असावा?' दुपारपर्यंत चाळीस हजार माणसं आमच्या लोभावर बोलत होती.

मॅडमनी बोलावलं. त्या बिचारीला लोभ एकच माहीत, हावरटाचा. मी म्हटलं, पत्रातला लोभ वेगळा, त्याचा अर्थ माया. तर म्हणाल्या, मग सरळ माया लिहा ना. आता वर्तमानपत्रांत माया कोण जमवतं आणि कुठे लपवतं, हे मी त्यांना काय सांगू? मग त्या म्हणाल्या, "म्हणजे काका, तुम्ही इतकी वर्षं अनोळखी लोकांकडे प्रेम मागताय?" ताई, चौतीस वर्षं मी ते वाक्य लिहिलं, पण त्यात काही मागितलेलं असतं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी म्हटलं, हो, तसंच दिसतंय.

पोरगी हुशार. तिने हाच अर्थ पानावर टाकला आणि वारं फिरलं. लोक 'लोभ आहेच' असं लिहू लागले. एका गृहस्थांनी लिहिलं, 'मिक्सर उत्तम चालतो, सहज लिहिलं.' (त्यांना मी सविस्तर उत्तर दिलं. कंपनीच्या नियमात बसत नव्हतं.) मालक खूश झाले, आणि त्या खुशीत त्यांनी माझी चौतीस वर्षांची पत्रं एका यंत्राला वाचायला घातली. आता ते यंत्र माझ्या भाषेत रोज चार हजार जणांना लोभ मागतं आणि मी शेजारी बसून पंखा बघतो.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मी खोट्या नावाने तक्रार टाकली, मिक्सर आवाज करतो म्हणून. तीन सेकंदांत उत्तर, आणि वर 'प्रकृतीस जपावे.' मी गुडघ्याचं सांगितलं. त्याने विचारलं, कोणता गुडघा? (तू हे विचारलं नाहीस.) मग राहवलं नाही. ही जाऊन तीन वर्षं झाली तरी हात दोन ताटं काढतो, हेही लिहून मोकळा झालो. त्याने असं काही सांत्वन केलं की डोळे भरून आले. मग शब्द ओळखीचे वाटले. आमचे भांडारपाल गेले तेव्हा साहेबांच्या सहीसाठी मीच लिहिलेलं पत्र होतं ते. शेवटी ते म्हणालं, समाधान झालं असल्यास तारे द्या. मी चार दिले. एक कापला, स्वल्पविराम चुकला होता म्हणून. तोही माझाच. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, तर मला म्हणालं, आपला परिचय?

महिनाअखेरीस मी निवृत्त होतोय. निरोपाचं भाषण यंत्रच लिहिणार आहे, तेव्हा चांगलं होईल. बाकी क्षेम. शेवटचं नेहमीचं वाक्य या खेपेला लिहीत नाही, ते आता कुणालाही मिळतं.

तुझा,
धाकटा

ता. क. मिक्सर बिघडलेला नाही. ही गेल्यापासून लावलेलाच नाही. एकट्यापुरतं काय वाटायचं?

आणखी एक ता. क. लहानपणी मी सहलीहून पाठवलेलं पत्र तू तांबड्या शाईने तपासून मला परत दिलं होतंस, आठवतं? यंत्राने लिहिलंय असं तुला वाटू नये म्हणून या पत्रात मुद्दाम चार चुका करायचं ठरवलं होतं, पण हाताला सवय नाही, जमलं नाही. तरी तपास. चुका नसतील तर काढ, ते तुला पहिल्यापासून येतं. फक्त टपालाने परत पाठवू नकोस, आणि अंगठाही नको. हातात घेऊन ये. दोन ताटं मी तशीही काढतोच.